तेराव्या दिवशीचा पेपर

एक जून एकोणीसशे चौसष्टला, सोमवारी, मेव्हणा सहदेव अकोल्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा धर्मपाल मास्तर शिक्षणशास्त्राची वही पाठ करत होते.

"भाऊजी, ताई गेली. आज पहाटे."

"कोण ताई?" धर्मपालांनी विचारले. सहदेवला एकच बहीण होती, शालू.

शालू भातकुलीला आईकडे गेली होती, ती यांच्या अभ्यासात खंड नको म्हणून. धर्मपालांना इथिओपियातल्या शाळेत दोन वर्षांची नोकरी मिळाली होती. वीस जूनला मुंबईहून दोघांची बोट होती. परत येईपर्यंत एम.एड.च्या प्रवेशाची वयोमर्यादा उलटणार होती. प्रवेश परीक्षा आत्ता पास झाली, तर अमरावतीचे कॉलेज दोन वर्षे जागा राखणार होते. तेरा जूनला पेपर, वीसला बोट. ही जुळणी शालूनेच केली होती.

"किती दिवस ताप होता?"

"अठरा."

"अन् मले कावून नाही कळवलं रे?"

"तिनं हात जोडले, भाऊजी. म्हणे, ते अभ्यास करून राहिले, पेपर होऊ दे."

भातकुलीला माती देऊन झाल्यावर धर्मपाल म्हणाले, पेपरही नको अन् बोटही नको. त्यांचे चुलते किसनराव लगेच म्हणाले, "बरोबर हाय. तेरा तारखेले तेरवी येते. नवराच नसन तं लोक काय म्हणतीन?"

पार्बताबाई, शालूची आई, तोवर भिंतीला टेकून बसली होती. ती व्याह्यांना म्हणाली, "इवाई, छप्पन साली दीक्षा घेतली अन् देव पोत्यात भरून नदीत टाकले, तवा तुमीच पुढं होते. मंग हे तेरवी कोण्या पोत्यात राह्यली होती?"

तशातही दोघे-चौघे हसले. किसनरावांनी टोपी नीट केली.

"सातव्या दिवशी वंदना घेऊ," ती म्हणाली. मग जावयाकडे वळली. "तिनं अठरा दिवस तोंड दाबून ताप काढला, जावईबुवा. तुमी तीन घंटे बसू नाही शकत?"

धर्मपाल उठले आणि वही आणायला अकोल्याची गाडी पकडली.

तेरा तारखेला ते अमरावतीला पेपरला बसले. दुसऱ्या प्रश्नाला अडले. टिपणे शालूने उतरवून दिली होती. हे उत्तर डाव्या पानावर, तेल सांडलेल्या जागेखाली होते, एवढे आठवले. मग बाकीचे आठवले. घंटा होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पेपर चांगला गेला. बोटीला सात दिवस आहेत आणि धर्मपाल जाणार आहेत. दोघांच्या एकाच पासपोर्टात त्यांच्या फोटोशेजारी शालूचा फोटो आहे. तिचे नाव कमी करायचा अर्ज लिहायचा राहिला आहे.