बोलायचं नाही

"ती बरी आहे, बाबा. प्रवासानं दमलीय, एवढंच," दादा म्हणाला.

"मग तिला सांगू दे की! तोंडाला कुलूप लावलंय का तिच्या?"

लावलंच होतं, घशाच्या डॉक्टरांनी. स्वरयंत्राला सूज होती. पुढचा कार्यक्रम सुरू होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद होती. गाणाऱ्यांना असं मौन नवं नसतं. लिहून दाखवत, हातवारे करत दिवस निघतात. वडिलांची दृष्टी गेलीय हेही तिला ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी एका खोलीत समोरासमोर येतील, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. चार देशांतली पोरं हिची गाणी तोंडपाठ म्हणतात, त्यातल्या दोन देशांची भाषा हिला येतही नाही, आणि डोकं हे असं.

तिचे कार्यक्रम हा थोरला भाऊच ठरवायचा. त्यानं वडिलांना डॉक्टरांचं सांगून पाहिलं.

"वा! गेल्या खेपेला विमान चुकलं, त्याआधी ताप आला. आता वाचाच गेली?"

तिला परत न्यायची गाडी खाली सुरूच होती. ती खुर्चीत बसली, उठली, खिडकीशी गेली, परत आली. शेवटी वडिलांपुढे जमिनीवर बसून तिनं त्यांचा हात आपल्या गालावर ठेवला.

पंप दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला तो खरबरीत हात तिच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरला आणि हनुवटीशी थांबला. लहानपणी ती जिन्यावरून पडली होती, त्याची खूण तिथं असायची. मोठ्या पडद्यावर दिसते म्हणून पहिल्या परदेश दौऱ्याआधी तिनं ती डॉक्टरांकडून काढून घेतली होती. हे वडिलांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतला.

"कुणाला आणलंस रे? म्हाताऱ्याला टोपी घालतोस?"

"काहीतरीच काय, बाबा! आपली भोंगाच आहे ही."

घरात तिला भोंगाच म्हणत. लहानपणी रडायला लागली की सगळी इमारत जागी व्हायची.

"भोंगा एवढा वेळ गप्प बसेल? मला सांगतोस?"

दादाला हसू आलं आणि लगेच मावळलं. तिनं गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडायला घेतला होता.

"ए, वेडी झालीस का? आवाज कायमचा गेला तर? तिकडे एवढी माणसं तिकिटं काढून बसलीत!"

त्या घडीला ती सगळी माणसं तिला नकोशी झाली होती.

"बाबा," ती म्हणाली. "मीच आहे. आले मी."

आवाज कसला, नुसती खरखर होती. पत्र्यावर वीट घासावी तशी. ऐकून तिची तीच दचकली.

वडिलांनी कान देऊन ऐकलं. त्यांचा राग ओसरला. परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं ते बोलू लागले.

"रडू नकोस, बाई. तुझा काय दोष? यानं आणलं म्हणून आलीस." चाचपडत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तिच्याबरोबर काम करतेस का तू? मग एक निरोप दे. म्हणावं, बाप वाट बघतोय. गाऊबिऊ नकोस, नुसती बोलून जा."

खाली हॉर्न वाजला. तिनं मान डोलावली. मग त्यांना ते दिसणार नाही हे ध्यानात येऊन, त्याच खरखरत्या आवाजात म्हणाली, "हो, सांगते."