स्वतःची तक्रार नाही

आई गेली त्या दिवशी दादा दुपारी पोटभर जेवला, हात धुतले आणि आज दुकान उघडायचं का, असं त्याने वहिनीला विचारलं. विचारण्यात तसं वावगं काही नव्हतं. चार गिऱ्हाइकांचे चष्मे तयार होऊन पडले होते. वहिनी मात्र त्याच्याकडे बघतच राहिली.

हा तोच माणूस होता, जो प्रार्थनेला बसला की पहिल्या कडव्यालाच डोळे पुसू लागायचा. गाणारा सूर लावायचा अवकाश, दादाचा रुमाल बाहेर. त्याला धाकटी बहीण चिडवायची की दादा देवाला भेटायला जातो की त्याच्याकडे पाणी भरायला जातो. दादा हसायचा आणि पुन्हा रुमाल काढायचा.

त्या दिवशी धाकटीसुद्धा रडली नव्हती. लोकांना पाणी दिलं, फोन घेतले, आईची खोली आवरली. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण त्याचंही काही वाटलं नाही. ती कसली गोळी घेत नव्हती, त्यामुळे तिला सांगायला निमित्तही नव्हतं.

दादा गोळी घेत होता. त्याला गालाचं दुखणं होतं. डाव्या गालातली एक शीर अशी काही बिथरायची की नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी वीज पडल्यासारखा तो कळवळायचा. घास चावता येत नसे. दाढी उजव्या गालाची तेवढी करायचा, डावा गाल तसाच सोडायचा. अर्धी दाढी वाढलेला चष्मेवाला पाहून नवं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. मग ही नवी गोळी आली आणि महिन्याभरात दुखणं गेलं. दादा दोन्ही गाल घोटून दुकानात जाऊ लागला. त्या दिवसांत वहिनीने देवापुढे रोज दिवा लावला तो काही मागण्यासाठी नव्हे, नुसता आभाराचा.

आईला जाऊन दोन महिने झाले आणि वहिनी एका संध्याकाळी धाकटीकडे आली. धाकटी मटार सोलत होती. वहिनीही समोर बसून सोलायला लागली आणि मान वर न करता म्हणाली की लेकीकडे राहायला जायचं ठरवलंय, कायमचं. भांडण नाही, तंटा नाही. ह्यांनी कधी आवाज चढवला नाही. पण घरात एक सभ्य पाहुणा राहतो आणि आपण त्याला वाढतो, असं झालंय. नातवाचा पहिला फोटो आला, तर पाहून म्हणाले, छान आहे, आणि फोन परत दिला. रोज सकाळी माझा चष्मा पुसून माझ्या उशाशी ठेवतात तेवढा. तोही गिऱ्हाइकाचा पुसावा तसा.

"आता मला एवढंच सांग," वहिनी म्हणाली, "हे ह्यांचं आहे की गोळीचं? गोळीचं असेल तर मी थांबते. ह्यांचंच असेल तर माझी बॅग भरलेली आहे."

धाकटीचं कामच ते होतं. औषधांनी कुणाला काय त्रास झाला याच्या नोंदी देशभरातून तिच्या ऑफिसात येत. डॉक्टर कळवत, नर्सेस कळवत, घरची माणसंही कळवत. एवढा ढीग माणसाने वाचून होणारा नव्हे, म्हणून तो कॉम्प्युटरला चाळायला देत. अमुक गोळीसोबत तमुक तक्रार, इतर गोळ्यांच्या मानाने, फारच जास्त येते का, हे तो शोधी. आली की धाकटी आणि तिच्या मोठ्या बाई त्या नोंदी उघडून बसत. पुष्कळदा निघायचं काहीच नाही. कधीकधी मात्र काही माणसं वाचत.

तिने वहिनीला वैद्यकीय भाषेत समजावायला घेतलं की एका माणसावरून असं सांगता येत नाही, दुःखाने माणूस असा होतो, वयाने होतो. वहिनीने शेंग मधोमध चिरली.

"दुःख आत्ताचं आहे. हे वर्षभर चाललंय. मी तुमच्या ऑफिसला कळवलंही होतं, वन्सं. आभार मानलेत तुम्ही."

वहिनी एरवी तिला नावानेच हाक मारी. वन्सं म्हटलं म्हणजे वर्मी लागलेलं असे. धाकटीने विचारलं की त्यात एक प्रश्न होता, रुग्णाची स्वतःची तक्रार आहे का, त्याला काय उत्तर दिलंस?

"नाही म्हणून लिहिलं. त्यांची कुठे काय तक्रार आहे?"

धाकटीचे हात थांबले. ती नोंद कुठे गेली असणार हे तिला तिथल्या तिथे कळलं.

नियम जुना होता आणि मूर्खपणाचा मुळीच नव्हता. दुसऱ्याने कळवलेलं आणि रुग्णाची स्वतःची तक्रार नाही, अशा नोंदी मोजणीत येत नसत, बाजूला पडत. कारण लोक काहीही कळवत. एका गृहस्थाने लिहिलं होतं की पित्ताची गोळी सुरू केल्यापासून बायको उलट बोलते. एका सासूबाईंना सुनेच्या डोळ्यांच्या थेंबांचा संशय होता, त्यामुळे तिला घरातला केर दिसत नाही असा. ऑफिसात डबा खाताना या नोंदी हमखास निघत आणि हसून हसून ठसका लागे. देवाने माणसाला दुखणं दिलं तसं ते सांगायला तोंड दिलं. ज्याला काही वाटेनासंच झालं, त्याने तोंड उघडायचं तरी कशासाठी? त्याच्या वतीने दुसराच कुणीतरी बोलणार, आणि तो तर चाळणीबाहेर.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, घरचं प्रकरण आहे हेही लपवलं नाही. मोठ्या बाई कडक. त्या खोलीत आल्या की पंखासुद्धा हळू फिरतो, असं सगळे म्हणत. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. बाजूला पडलेला ढीग जरूर उघडा, पण तुमच्या वहिनींची नोंद आधी काढून टाका. मोजणीत घरचं माणूस नको. धाकटीने ती नोंद न वाचता काढली.

मग तिने कॉम्प्युटरला त्या ढिगातल्या माणसांच्या वाक्यांतून मिळतीजुळती वाक्यं गोळा करायला लावली. साधंसुधं घरगुती लिहिलेलं होतं. नवरा दगड झालाय. बाबा हसतात, पण आम्ही हसलो की मग. कुत्रं मेलं तर म्हणाला, बाऊल धुऊन ठेवा. मावशी आता कुणावर रागावत नाही, घर सुनं वाटतं. गालाच्या दुखण्यावरच्या दुसऱ्या गोळ्यांच्या बाजूला पडलेल्या नोंदीही तिने शेजारी ठेवल्या, म्हणजे दोष दुखण्याचा की गोळीचा ते कळेल. तिथे असली वाक्यं तुरळक होती. या एका गोळीपाशी त्यांची दाटी होती. आणि काही घरांनी नंतर पुन्हा कळवलं होतं. एका बाईने लिहिलं होतं की डॉक्टरांनी गोळी कमी केली, आता हे पूर्वीसारखे माझ्यावर खेकसतात, आपली आभारी आहे.

धाकटीने हे सगळं वाचलं. छातीत काही तरी व्हायला हवं होतं. ती पाणी प्यायली आणि तिने अहवाल लिहायला घेतला.

मोठ्या बाईंनी तो दोनदा तपासला. डॉक्टरांना सावधगिरीची सूचना जायचं ठरलं, आणि त्या प्रश्नापाशी नोंदी बाजूला काढायचा नियमही थांबवला. जाताजाता त्या म्हणाल्या की डब्याच्या वेळी आपण फार हसलो.

रविवारी धाकटी दादाकडे गेली. बॅग दाराशीच होती. दादा खिडकीपाशी टेबल ओढून एका फ्रेमचा स्क्रू बसवत होता. त्याने धाकटीला बस म्हटलं आणि पुन्हा स्क्रूकडे वळला. तिने दोघांसमोरच सांगितलं. ही गोळी काही माणसांना असं करते, हे आता बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पण दादाला गोळीनेच तसं केलं का, हे आकडे सांगत नाहीत. आकडे पुष्कळांबद्दल बोलतात, एकाबद्दल गप्प राहतात.

"आणि माझी नोंद?" वहिनीने विचारलं.

ती काढावी लागली, धाकटी म्हणाली. घरचं माणूस म्हणून.

"वा. घरातही मोजत नाहीत, ऑफिसातही नाही." वहिनी हसली, पण ते हसू तिच्या चेहऱ्यावर टिकलं नाही. "मग ह्यांचं कोण सांगणार?"

दादाने स्क्रू घट्ट केला, फ्रेम उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली.

"मी सांगतो की," तो म्हणाला. "मला कुणी विचारलंच नाही."

आवाज नेहमीचाच, सपाट. तो म्हणाला की आई गेली तेव्हा आपल्याला काही वाटलं नाही, हे त्याला दिसत होतं. नातवाचं तसंच. प्रार्थनेतही सूर बरोबर लागतो, शब्द सगळे येतात, आत काही हलत नाही. आधी वाटलं, बरं आहे, दुखत तर नाही. नंतर तेही वाटेनासं झालं.

"मग माझा चष्मा कशाला पुसता रोज?" वहिनीने विचारलं.

दादाने जरा विचार केला. गिऱ्हाइकाला नंबर सांगताना करतो तसा.

"पूर्वी पुसताना काय वाटायचं ते मला आठवतं," तो म्हणाला. "ते आता वाटत नाही. पण आठवतं. म्हणून पुसतो. सोडलं तर आठवणार पण नाही, अशी भीती... भीती नाही. तसा हिशोब आहे."

वहिनी बराच वेळ दाराकडे पाठ करून उभी होती. मग ती आत गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

गोळी सोडायची का, हे दादाने ठरवायचं होतं. दुखणं परत येईल हे धाकटीने स्पष्ट सांगितलं. एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना विचारून उतरव, हेही. दादा म्हणाला, बघू या उतरवून. त्याला त्यातलं काहीच नकोसं वाटत नव्हतं आणि हवंसंही वाटत नव्हतं. पण वहिनीला काय हवंय ते त्याला ऐकू आलं होतं.

डॉक्टरांनी मात्रा थोडीथोडी उतरवली. पुढचं धाकटीला वहिनीने फोनवर सांगितलं. एका सकाळी तिला जाग आली तेव्हा दादा आरशापुढे उभा होता. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर साबण तसाच. वस्तरा हातात धरून तो थांबला होता. मग त्याने पाण्याने साबण हळूच पुसला, अगदी कडेकडेने, आणि डावा गाल सोडून दिला.

वहिनी म्हणाली की आपल्याला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली. तिने काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन सगळं मऊ शिजवायला घेतलं. तो रडला का, हे धाकटीने विचारलं. नाही, वहिनी म्हणाली, अजून नाही.

धाकटी फोन कानाशी धरून वाट बघत होती, कशाची ते तिला माहीत नव्हतं.

"चष्मा उशाशी होता," वहिनी म्हणाली. "पुसलेला. मी लावला."