उजेडाची बोहणी

उदगीरच्या बाजारात बसलिंगप्पांचं भांड्यांचं दुकान. माणूस एक नंबरचा हट्टी, पण नेम पक्का: बोहणीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं माघारी लावायचं नाही. तोट्यात का होईना, पहिला सौदा व्हायलाच पाहिजे.

म्हणून तर त्यांची थोरली लेक दामिनी त्या सकाळी शटर वर जाताच गिऱ्हाइकासारखी गल्ल्यासमोर येऊन उभी राहिली. नांदेडला एमएस्सी झालेली पोर. बेंगळुरूला संशोधनाची जागा मिळाली होती, आणि आज होकार कळवला नाही तर ती हातची जाणार होती. अप्पा मात्र नकारावर अडून बसलेले. भावकीतल्या चंद्रप्पाकाकांनी निलंग्याचं स्थळ आणलं होतं ना!

"अप्पा, बोहणीचं गिऱ्हाईक मी. बेंगळुरूला जाऊ द्या."

"अगं माय! बापालाच कोंडीत धरायलीस व्हय?" अप्पांना राग आला आणि हसूही आलं. "तिथं जाऊन करणार काय, ते तर सांग."

"गॅमा किरण म्हणजे लई ताकदीचा उजेड. त्यातून दोन कण जन्मतात. एक इलेक्ट्रॉन, दुसरा त्याचाच उलट्या भाराचा जोडीदार, पॉझिट्रॉन. उजेडाची वस्तू होते, अप्पा!"

"फुकटात?"

"न्हाई. तो किरण सगळाच्या सगळा खर्ची पडतो."

हे व्यापाऱ्याला पटलं.

"पण एकट्या किरणाला ते जमत न्हाई," दामिनी म्हणाली. "मोकळ्या जागेत तो नुसता पळत राहतो. जवळ एखादं जड अणुकेंद्र लागतं."

"त्याला काय मिळतं?"

"काहीच न्हाई. धक्का तेवढा सोसतं."

अप्पा समोरचा तांब्या पुसू लागले. पोरीच्या हुशारीचा त्यांना अभिमानच होता. भीती होती ती भावकीच्या तोंडाची. हे दामिनीला ठाऊक होतं, म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला.

अप्पांनी मोबाईल काढला. "चंद्रप्पा, निलंग्याला न्हाई म्हणून कळव. पोरगी बेंगळुरूला चालली."

पलीकडून असा भडिमार सुरू झाला की दामिनीलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"बोल," अप्पा म्हणाले, "काय बोलायचं ते मला बोल. तिला एक शब्द न्हाई."

दामिनीला रडूच फुटलं.

तेवढ्यात शेजारच्या बसम्मा तांब्या घ्यायला आल्या. "बसलिंगप्पा, बोहणीची येळ हाय, भाव जरा कमी लावा की!"

फोन तसाच कानाला धरून अप्पा म्हणाले, "उशीर केलात, बसम्मा. बोहणी झाली."