पांढऱ्या बियाण्यातली तांबडी कणसे

मी एक जुने बियाण्याचे मडके आहे. मोडनिंबच्या कुंभाराने मला घडवले आणि १९२५च्या सुमारास मी जवळच्याच एका गावी सोजरबाईंच्या घरी आले. मित्रांनो, बाकीची मडकी पाण्याने थंड होत, ताकाने आंबत. माझ्या पोटात मात्र राख, कडुलिंबाचा पाला आणि पांढऱ्या शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, बी असे. कणसे निवडून मला भरण्याचा मान घरातल्या एकाच बाईचा. सोजरबाईंनी तो थोरल्या सुनेला, मथुरेला दिला, तेव्हा धाकटीने नाक मुरडले होते.

पुढच्याच पिकात पांढऱ्या शाळूत दहा-बारा ताटांची कणसे तांबडी निघाली.

"बी भरताना डोळं कुटं हुतं तुजं?" सोजरबाई म्हणाल्या. "मडकं आता धाकटीकडं जाईल."

"दाणा न् दाणा पांढरा हुता, आत्याबाई."

ते खरे होते. पण मडक्याची साक्ष कोण घेणार?

मथुरा म्हणाली, "ह्या तांबड्या कणसांचं बी परसात येगळं पेरते. मी तांबडं बी मिसळलं असल, तर समदं तांबडंच यील. न्हाय आलं तर?"

"तर मडकं तुजं. आन् आलं, तर वरीसभर तांबडी भाकर तूच खायची."

ते बी माझ्याच पोटात राहिले. पांढऱ्यातून तांबडे आले कसे, याचा मीही विचार करत बसे.

पुढच्या माघात सोजरबाईंनी परसातली कणसे स्वतः मोजली, दोनदा. चौतीस तांबडी, बारा पांढरी.

मित्रांनो, झाले होते असे. बांधापलीकडे महिपतीचा तांबडा शाळू होता, आणि मथुरेने टपोरी म्हणून बांधाकडचीच कणसे निवडली होती. एरवी शाळूचे कणीस बहुतेक आपल्याच परागावर भरते; त्या वर्षी काही पराग वाऱ्याने पलीकडून आले. दाणे वरून आईसारखे पांढरेच राहिले, पण आत तांबड्या बापाचा गुण शिरला होता. प्रत्येक रोपाला रंगाचे दोन गुण मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. तांबडा गुण जोरकस; तो एकटा असला तरी पांढऱ्याला झाकतो. पांढरा झाकला जातो, मरत नाही. पुढच्या पिढीत ज्या रोपाला दोन्हीकडून पांढराच मिळतो, ते पांढरे येते. चारांत साधारण एक.

सोजरबाईंनी मला पदराने पुसून मथुरेपुढे ठेवले. "आता बांधाकडं जाऊ नगं, पलीकडं महिपतीचं तांबडं हाय. रानाच्या मधली कणसं घे."

"आन् ती तांबडी भाकर?" धाकटीने विचारले.

"मी खाते की," सोजरबाई म्हणाल्या.

आता माझ्या काठाला चीर गेली आहे, बी दुसऱ्या मडक्यात असते. माझे एवढेच मागणे, मित्रांनो: बी रानाच्या मधले निवडा, आणि कुणाला दोष देण्याआधी एकदा पेरून पाहा.