चाळिसावं घर

घड्याळजींच्या हातातला चिमटा निसटला आणि एक इवलंसं चाक टेबलाखाली कुठेतरी घरंगळत गेलं. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्यांना चाकाची शुद्धच नव्हती.

"एकोणचाळीस?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो, ही बोली बोलणारी एकोणचाळीस घरं मिळाली," दारात कागद घेऊन उभी असलेली पाहणीवाली मुलगी म्हणाली. "चाळीस झाली तर रेडिओवरचा तुमच्या बोलीचा अर्धा तास चालू राहील. नाहीतर या महिन्यात बंद. आज शेवटचा दिवस आहे, आणि माझी बस दोनला आहे."

हा अर्धा तास म्हणजे घड्याळजींचा जीव की प्राण. बायको गेल्यापासून ती बोली त्यांच्या कानावर पडायची ती दर गुरुवारी सकाळी, तेवढीच. मुलगा-सून परगावी, नातवंडांना बोलीचा गंध नाही. त्या अर्ध्या तासात कुणी म्हातारा नुसता आपल्या गुडघ्यांचं रडगाणं गात असला, तरी घड्याळजी दुकानाचं दार लावून ऐकत बसायचे.

"मग लिहा की! चाळिसावं घर माझं. मी रोज बोलतो."

"कुणाशी?"

"घड्याळांशी."

मुलीला हसू आवरेना. "घड्याळं उत्तर देत नाहीत हो, आजोबा. घरातली दोन माणसं लागतात, तीही रोज बोलणारी. आहे का दुसरं कुणी?"

होतं ना! तिथेच तर घोडं अडलं होतं. वरच्या मजल्यावर ताई राहायची, त्यांची सख्खी थोरली बहीण. घर एक, स्वयंपाकघर एक, दारसुद्धा एकच. ताईने पस्तीस वर्षं शाळेत मोठी भाषा शिकवली, पुस्तकातली. निरोप समारंभात तिने हौसेने चार वाक्यं घरच्या बोलीत म्हटली आणि आमचे हे शहाणे घड्याळजी मागच्या रांगेतून ओरडले, "ताई, तुझ्या बोलण्याला खडूचा वास येतो!" सगळं सभागृह खो खो हसलं.

त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ताई धाकट्या भावाशी फक्त शुद्ध पुस्तकी भाषेत बोलायची, आणि तेही मोजकंच. "आपले जेवण झाकून ठेवले आहे." घरच्या बोलीत मुळी मानाचं "आपण" नाहीच, "तुम्ही"ही नाही. सासरा असो की साहेब, सगळ्यांना "तू". त्यामुळे ते "आपले" ऐकलं की घड्याळजींचं जेवण घशाखाली उतरत नसे.

आज मात्र ते पासष्टाव्या वर्षी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि धापा टाकत ताईला घेऊन खाली आले. ती आली, पण भावासाठी नव्हे. भरायचा तक्ता समोर आहे म्हटल्यावर घरात बसून राहील अशी मास्तरीण अजून जन्माला यायची आहे.

तिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली आणि म्हणाली, "मी खोटी माहिती देणार नाही. आम्ही दोघे एकमेकांशी त्या बोलीत बोलत नाही."

घड्याळजींनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात दीड वाजला होता. मग त्यांचा बांध फुटला, तो घरच्या बोलीतच.

"ताई, अगं चुकलो मी! तेव्हाच कळलं होतं, पण जीभ रेटेना. तो अर्धा तास गेला तर मी जिवंतपणी बहिरा होईन गं. मी तुला विनंती करतो..."

"विनंती?"

ताईचा आवाज असा चढला की मुलीच्या हातातलं पेन थबकलं.

"ही विनंती कुठून उचलून आणलीस रे गाढवा? आपल्या बोलीत विनंती असते? आईने जन्मात कुणाला विनंती केली? 'ऐक ना' म्हणतात, 'ऐक ना'! आणि खडूचा वास म्हणे माझ्या बोलण्याला!"

"'तू' म्हणालीस!" घड्याळजी लहान मुलासारखे नाचायचेच बाकी राहिले. "मला 'तू' म्हणालीस! गाढवही म्हणालीस! लिही गं पोरी, लिही पटकन!"

मुलीने घाईघाईने पुढचा रकाना काढला. "किती वेळा बोलता? रोज, की कधीमधी? रोज असेल तरच घर धरता येतं."

ताई गळा कापला तरी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, हे घड्याळजींइतकं कुणाला ठाऊक?

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "रोज," ती म्हणाली.

"ताई!" घड्याळजीच दचकले.

"काय ताई? खरं तेच सांगतेय. नऊ वर्षं रोज बोलते मी तुझ्याशी. वर, दार लावून. उठल्याबरोबर भांडते, मग दिवसभरातलं सगळं सांगते. तुझी बायको गेली तेव्हा आठवडाभर तुझी समजूत घालत होते, आपल्याच बोलीत. तुला ऐकू आलं नाही, त्याला मी काय करू?"

मुलीने "रोज"वर खूण केली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि बस गाठायला पळत सुटली. घड्याळजींनी डोळे पुसले.

"काय म्हणायचीस तू?" त्यांनी विचारलं. "तेव्हा, वर?"

ताईने खुर्ची ओढली. "बस. पहिल्या दिवसापासून सांगते. आणि मधे बोलायचं नाही."

"बोलणार!" घड्याळजी म्हणाले.