दातांची यादी

क्रांतीच्या वरच्या पुढच्या दोन दातांवर तपकिरी डाग होते. बोअरच्या पाण्याचे. सत्तावीस वर्षं ते कोणाला दिसले नव्हते. सांगलीचं स्थळ ठरलं आणि आठ दिवसांत साताऱ्यापासून माधवनगरापर्यंत सगळ्यांना दिसू लागले.

उपायही सगळ्यांना पाठ होता : व्हिनिअर. दाताचा पुढचा थर घासायचा आणि वर पातळ पांढरी टिकली चिकटवायची. घासलेला दात परत भरून येत नाही, हे मात्र एकट्या क्रांतीला माहीत होतं. तिनं वाचलं होतं. वहीत प्रश्नही काढले होते. किती घासणार? आधी केलेल्या दातांचे फोटो दाखवणार का? आधी तात्पुरतं बसवून बघता येईल का? जो डॉक्टर नीट उत्तरं देईल, त्याच्याकडं जायचं.

इतक्या भोळेपणानं आमच्याकडं कोणी डॉक्टर निवडत नाही. डॉक्टर पाहुण्यातला लागतो.

लग्नाची यादी करायला दोन्हीकडचे बसले, तेव्हा तिचे मामा लालासाहेब म्हणाले, "भाचीचे दात आमचा शिवतेज करणार. मामाचा मान हाय." शिवतेज त्यांचा मुलगा, साताऱ्यात दातांचा डॉक्टर.

"आवं, पण सून आमची," होणारे सासरे बाळासो म्हणाले. "आमची संयोगिता सांगलीत निस्ती हसूच नीट करती. दातांची डॉक्टर, भन हाय माजी. तिला काय तोंड दाखवू?"

चहावर साय धरली. शेवटी क्रांतीचे वडील, रिटायर्ड सुभेदार नानासो, यांनी तोड काढली.

"मंडप आमी, घोडा तुमी, जेवान निम्मं-निम्मं. दात बी निम्मं-निम्मं."

यादीत लिहिलं गेलं : डावा दात, मुलीचे मामा. उजवा दात, वरपक्ष. सह्या झाल्या. क्रांती काही बोलणार, तेवढ्यात तिच्या तोंडात कंदी पेढा गेला.

तिनं वहीतला पहिला प्रश्न शिवतेजला विचारला. "दादा, किती घासणार?"

"घाबरतीस काय? घरचंच हाय."

संयोगिता आत्याला फोनवर विचारला. "अगं, घरातल्या माणसाला असं विचारतात का?"

रंगावरून दोघांचं जमलं नाही. तेव्हा ज्याचा दात त्याचा रंग, असं ठरलं.

क्रांतीनं गुपचूप कराडची बस धरली. तिथली डॉक्टर श्रद्धा कोणाचीच कोणी नव्हती. तिनं तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली आणि म्हणाली, "मुळात घासायची घाई कशाला? डाग फिके आहेत. आधी पॉलिश करून बघू." मंगळवारची वेळ दिली.

घरी येऊन क्रांतीनं सांगून टाकलं.

"कुणाची ही डॉक्टर?" नानासो.

"कोणाचीच नाही, आबा."

"आसं कसं? कुणाची तरी आसंलच."

मामांनी फोन लावले. चौथ्या फोनला त्यांचा चेहरा उजळला. "आरं, ही तर आपल्या नाथाजीच्या साडूची सून! आपलीच हाय की!"

घरात आनंदीआनंद झाला. लगेच यादी निघाली. "हिला डावललं तर नाथाजी अक्षता टाकायला यायचा न्हाई," मामा म्हणाले.

"पण डाग दोनच दातांवर आहेत, मामा."

"मग तिला तिसरा देऊ," नानासो म्हणाले. "दोन पांढरे झाल्यावर त्यो तसाबी वेगळाच दिसंल. कंचा द्यायचा ते बघू. तोंड उघड."

मामांनी मोबाइलची बॅटरी लावली. दोघं खुर्च्या ओढून पुढं वाकले.

क्रांतीनं ओठ मिटले.

मंगळवारची वेळ तिनं स्वतःच रद्द केली. आता श्रद्धाही पाहुण्यातली झाली होती. मग लग्न लागेपर्यंत क्रांती भिंतीकडं तोंड करून जेवली आणि विचारल्याचं उत्तर मानेनं दिलं. सासरच्यांना मुलगी फार शालीन वाटली. स्टेजवर फोटोग्राफर ओरडत होता, "ताई, दात दिसू द्या की!" समोर पहिल्या रांगेत मामा, नाथाजी आणि संयोगिता आत्या शेजारी-शेजारी बसले होते, तिच्या तोंडाकडं बघत.

यादी बाळासोंच्या माधवनगरच्या घरी कपाटात आहे. सह्या झालेल्या, म्हणून ती अजून रद्द धरलेली नाही. क्रांती सासरी ओठ मिटून हसते. आत दोन्ही दात आहेत, डागांसकट, जसेच्या तसे.