चार दिवस

छबूबाईने न बघताच हात वर केला. तिथे मिठाची बरणी असायची. बोटांना भिंतीवरची नवी गुळगुळीत फरशी लागली.

"काय पायजे, वन्सं?" वृषालीने विचारलं.

"मीठ."

भावजयीने गुडघ्याजवळची ट्रॉली ओढली. "आता सगळं खाली असतंय. तुमी बसा, मी करते. पाव्हण्या मानसानं चुलीपाशी यायचं व्हय?"

छबूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली. याच जागेवर ती भाकरी थापायला शिकली होती, पण जमीनसुद्धा आता दुसरीच होती.

काल राहुरीला नवऱ्याने, सहादेवने, पुन्हा ताट भिरकावलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच तिने ते उचललं नाही. चार लुगडी आणि बीपीच्या गोळ्या घेऊन ती एसटीत बसली. परत जायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

जेवताना धाकट्या भावाने, कल्याणने, विचारलं, "दाजी न्हाई आले, आक्का?"

"न्हाई. मी ऱ्हायला आले."

"ऱ्हावा की! चांगलं चार दिवस ऱ्हावा," वृषाली मनापासून म्हणाली आणि तिच्या ताटात वांगं वाढलं.

"चार न्हाई गं. आता हितंच."

वृषालीचा डाव पातेल्यावरच थांबला. कल्याणने भाकरीचा तुकडा मोडला, तो पुन्हा मोडला.

"रागात मानूस काय बी बोलतंय," तो शेवटी ताटाकडे बघत म्हणाला. "मी बोलतो दाजींशी."

सकाळी छबूबाई अंगण झाडून, हातपाय धुऊन आत आली, तर बैठकीत पाट मांडलेला. शेजारी हळदीकुंकू, तांदूळ, नारळ आणि मोरपंखी खण.

"बसा वन्सं. ओटी भरते," वृषाली म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "सुपा फाट्यावरनं साडेनवाची गाडी हाय."

छबूबाई उभीच राहिली. मग तिला वाटलं, ओटी भरायला भरल्या हाताने आलेल्या भावजयीला माघारी कसं फिरवायचं? भावाच्या घराला बरं नसतं ते. ती बसली आणि तिने पदर पसरला.

वृषालीने पाच मुठी तांदूळ घातले. दरवेळी सांडू नये म्हणून खालून दुसरा हात धरला.

रीतीप्रमाणे छबूबाईने पदरातले चार दाणे वेचून भावजयीच्या तळहातावर परत ठेवले.

"भरलेलं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "तुझं घर."

बाहेर कल्याणने मोटारसायकलला किक मारली.